उंच गाडी, वाकडी दांडी



गेल्या मे महिन्यात पन्हाळ्याहून येताना आमच्या जीपला काय झालं, ते नात्यातल्या लोकांनी एकमेकांना फोनवरून इतक्या प्रकारे सांगितलंय की बातमी इचलकरंजीला पोचेपर्यंत माझा पाय मोडला होता आणि पुण्याला पोचेपर्यंत गाडी दरीत गेली होती. तसं काही झालेलं नाही. माझे दोन्ही पाय जागेवर आहेत आणि गाडीही दारात उभी आहे. पण जे झालं त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. ते नातवाला आणि त्याच्या मित्रमंडळाला अजिबात पटलेलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

मत एवढंच की ज्याला गाडी उंच करायची आहे त्याने स्टेअरिंगच्या दांड्या त्या नव्या उंचीला नीट बसवण्याची पूर्ण जबाबदारी घ्यावी. ते जमत नसेल तर गाडी कंपनीने दिली त्याच उंचीवर ठेवावी. अर्धं काम करून "चालतंय की" म्हणू नये.

आता तुम्ही म्हणाल, सर, तुम्ही आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवलात, यंत्राशी तुमचा संबंध सायकलच्या चेनपुरता, तुम्ही कुठे यात पडलात? बरोबर आहे. पण मे महिन्यानंतर उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये स्टुलावर बसून मी जेवढे तास घालवले, तेवढे शाळेच्या स्टाफरूममध्येही घालवले नसतील. शिवाय या प्रकरणात मी निव्वळ साक्षीदार नाही. गाडीचे अर्धे पैसे माझ्या पेन्शनमधून गेलेले आहेत.

मुळापासून सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेने काय केलं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. दोन्ही वेळा पाणी ५० फुटांच्याही बरंच वर गेलं, आणि शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. माझी धाकटी मुलगी शिरोळ तालुक्यात दिलेली आहे. २०२१ ला तिचं घर पाण्याने वेढलं होतं आणि तिचा भाचा, म्हणजे माझा थोरल्या लेकीचा मुलगा, तिच्याकडे जायला निघालेला, महामार्गावर अडकून पाण्याकडे बघत उभा राहिला. ते त्याच्या मनात राहिलं. दुसऱ्या वर्षी त्याने एक जुनी महिंद्रा जीप शोधून काढली. म्हणाला, "आबा, गाडी पाच इंच उचलायची, मोठे टायर घालायचे. पुढच्या पुराला मावशीच्या दारात गाडी." मी भारावलो आणि पैसे दिले.

ही समजूतच मुळात चुकीची होती, हे आधीच सांगून टाकतो. वाहतं पाणी फूट-दीड फूट असलं तरी गाडीला ढकलतं, आणि थोडं वाढलं की चाकं जमिनीवरून उचलली जातात. मग गाडी पाच इंच उंच असली काय नि नसली काय. पुरात माणसं बोटींनीच काढावी लागतात. पण पोराचा हेतू चांगला होता आणि माझाही. चांगल्या हेतूने केलेल्या कामाची तपासणी आपण जरा कमी करतो, एवढं मात्र खरं.

आता गाडी उचलतात म्हणजे काय करतात? या जुन्या जीपला पुढेही अखंड ॲक्सल असतो आणि पाट्यांची स्प्रिंग असते. पाटे ॲक्सलच्या खाली यू-बोल्टने आवळलेले असतात. तेच पाटे काढून ॲक्सलच्या वर बसवले की ॲक्सलच्या नळीची जाडी आणि पाट्यांच्या गठ्ठ्याची जाडी मिळून गाडी सरळ पाचेक इंच उचलली जाते. नवीन पाटेही घ्यावे लागत नाहीत. शहराबाहेरच्या एका गॅरेजने दोन दिवसांत हे काम करून दिलं. गाडी रुबाबदार दिसायला लागली. गल्लीतली पोरं फोटो काढून गेली. मला मात्र आत चढायला प्लास्टिकचं स्टूल लागायला लागलं.

आठवडाभरातच नातू कुरकुरू लागला. खड्डा आला की स्टेअरिंग आपोआप बाजूला जातं. गाडी सरळ रेषेत धरून ठेवावी लागते. हे का होतं ते मला नंतर समजलं, आणि ते आठवी-नववीच्या भूमितीपलीकडचं नाही.

स्टेअरिंगच्या चाकाखाली एक बॉक्स असतो. त्यातून एक आर्म खाली लोंबतो. त्या आर्मपासून एक दांडी पुढच्या चाकाच्या नकलकडे जाते, तिला ड्रॅग लिंक म्हणतात. एक चाक वळलं की दुसरंही वळावं म्हणून दोन्ही चाकांना जोडणारी दुसरी आडवी दांडी असते, ती टाय रॉड. बॉक्स चासीला धरलेला, चाकं ॲक्सलला धरलेली. आपण चासी पाच इंच वर नेली तेव्हा ड्रॅग लिंकचं एक टोक वर गेलं आणि दुसरं जागच्या जागी राहिलं. आधी जवळपास सपाट असलेली दांडी तिरकी झाली.

आता पायथागोरस काढा. हिशेबापुरती २४ इंचांची दांडी घेऊ. ती सपाट असताना खड्ड्यामुळे तिचं चाकाकडचं टोक २ इंच वर गेलं, तर दोन टोकांमधलं आडवं अंतर २४ वरून २३.९२ होतं. फरक ०.०८ इंच. आता तीच दांडी इतकी तिरकी करा की एक टोक दुसऱ्यापेक्षा ६ इंच खाली असेल. आडवं अंतर २३.२४. चाक २ इंच वर आलं, उंचीतला फरक ४ इंच उरला, आडवं अंतर २३.६६. फरक ०.४२ इंच, म्हणजे पाचपट! दांडीची लांबी तर बदलत नाही, मग हा फरक जातो कुठे? तो चाकाला वळवतो. तुम्ही स्टेअरिंग घट्ट धरून बसलात तरी रस्ता तुमच्या वतीने स्टेअरिंग फिरवतो. मिस्त्री लोकांच्या मापात सांगायचं तर पाऊण सुताच्या आत जे भागत होतं, ते सव्वातीन सुतांच्या पुढे गेलं.

नातू परत त्याच गॅरेजला गेला. त्यांनी दांड्या वर उचलायच्या म्हणून बॉल जॉइंटची टोकं आर्मच्या खालून काढून वरून बसवली. कल्पना अगदीच चुकीची नाही, जाणकारही असं करतात. पण आता पाटे ॲक्सलच्या वर आलेले. वर आणलेली टाय रॉड बरोबर पाट्याला आणि यू-बोल्टच्या नटाला लागायला लागली. यावर उपाय काय केला? दांडी काढली, गॅसवर लाल होईपर्यंत तापवली, पाट्याखालून जाईल असा तिला बाक दिला आणि परत बसवली. सपाट जागेवर गाडी उभी करून स्टेअरिंग दोन्हीकडे फिरवून दाखवलं. कुठे लागत नव्हतं. विषय संपला.

मे महिन्यात आम्ही दोघं पन्हाळ्याला गेलो होतो. संध्याकाळी वाघबीळच्या दिशेने उतरताना एका डाव्या वळणावर त्याने स्टेअरिंग पुरतं फिरवलं, त्याच वेळी पुढचं चाक खड्ड्यात आदळलं आणि स्टेअरिंग तिथेच अडकलं. वळण संपलं, गाडी वळतच राहिली. समोरून एक माणूस मोटारसायकलवर दुधाच्या किटल्या लावून चढत होता. नातवाने ब्रेकवर उभं राहावं तसा पाय दिला. पुढचं चाक गटारीच्या कडेच्या दगडाला टेकून थांबलं. तो दूधवाला आमच्या बंपरपासून हातभर अंतरावरून गेला असेल. पुढे जाऊन थांबला, मागे वळला आणि आम्हालाच विचारलं, "लागलं न्हाई न्हवं?"

आम्ही त्याला काय केलं असतं, हे त्याच्या डोक्यातही नव्हतं. मला त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी उद्यमनगरातल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलो. हा गणितात कच्चा म्हणून मी स्टाफरूममध्ये ज्याच्याबद्दल हळहळ व्यक्त केली होती, तोच! आज पन्नाशी ओलांडलेला, स्वतःची लेथ आणि हाताखाली चार माणसं. गाडी टो करून आणली. त्याने आधी काहीच केलं नाही. खाली वाकून ती बाक दिलेली दांडी हातात धरली आणि आपल्या अंगाभोवती फिरवून दाखवली. ती फिरली.

"सर, बादलीची कडी बघितलीसा न्हवं? दोन्हीकडं अडकिवलेली असती, पर मधी झोका घेती. तसंच ह्ये. सरळ दांडी फिरली तरी फरक पडत न्हाई. वाकडी फिरली की तिचा बाक कुटं जाईल सांगता येत न्हाई."

दोन्ही टोकांना बॉल जॉइंट. सरळ टाय रॉड स्वतःभोवती थोडी फिरली तरी जागा तेवढीच व्यापते. वाकवलेली दांडी धक्क्याने थोडी वळली की तिचा बाक दुसऱ्या दिशेला जातो. गॅरेजमध्ये बाक खाली होता, वळणावर तो वर आला आणि नटाच्या मागे अडकला. शिवाय वाकलेल्या दांडीवर दोन्हीकडून जोर आला की ती आणखी वाकते, आणि तापवून पोलादाची मूळची ताकद कुठे कमी झाली ते वरून दिसत नाही. आणखी एक गोष्ट त्याने दाखवली. बॉल जॉइंटची पिन निमुळती असते आणि आर्मचं भोकही तसंच निमुळतं, एका बाजूने रुंद. पिन उलट्या बाजूने घालायची तर भोक योग्य रीमरने निमुळतं करून त्यात बूश बसवावा लागतो. इथे ड्रिलने भोक सरळ मोठं केलेलं होतं. पिन फक्त नटाच्या जोरावर उभी होती.

मग योग्य काम कसं असतं? हे मी त्याला विद्यार्थ्यासारखं वही घेऊन विचारलं. त्याने तीन मार्ग सांगितले.

पहिला, वरचं टोक खाली आणायचं. म्हणजे बॉक्सखालचा आर्म जास्त खाली उतरणारा बसवायचा, म्हणजे ड्रॅग लिंक परत सपाटीकडे येते. आर्म घडीव, तयार मिळणारा हवा. जुना कापून मध्ये तुकडा वेल्ड केलेला चालणार नाही. यात बॉक्सच्या शाफ्टवरचा ताण वाढतो, तेव्हा जुना, खिळखिळा बॉक्स असेल तर आधी तो बघावा.

दुसरा, खालचं टोक वर न्यायचं. नकलच्या माथ्यावर वेगळे उंच आर्म बोल्टने बसवायचे आणि दोन्ही दांड्या पाट्यांच्या वरून न्यायच्या. सगळ्यात चांगला मार्ग, पण नकलचा माथा मशिनिंग करून सपाट करावा लागतो आणि खर्च बराच येतो.

तिसरा, हाव कमी करायची. पाच इंचांऐवजी दीड-दोन इंचांवर भागवायचं. दांडीचा तिरकेपणा कमी आणि पाटे मूळच्या जागी, म्हणजे त्या दांडीच्या वाटेत येत नाहीत.

कुठलाही मार्ग घेतला तरी दोन अडसर तपासायचे. चाक किती वळावं याला नकलवर स्टॉप बोल्ट असतो. तो असा लावायचा की दांडी पाट्याला लागायच्या आधी चाक थांबेल. गाडीला वळायला थोडी जास्त जागा लागेल, लागू दे. आणि स्प्रिंग किती दबावी याला रबरी बंप स्टॉप असतो. गाडी उचलली की त्याचीही उंची वाढवायची. ब्रेकचे होज ताणले जात नाहीत ना तेही बघायचं, आणि शेवटी अलाइनमेंट.

तपासणीची त्याची पद्धत मला फार आवडली. सपाट जमिनीवर उभ्या गाडीचं स्टेअरिंग फिरवून काहीच कळत नाही, असं तो म्हणतो. एका बाजूचं चाक जॅकने पुरतं वर दाबायचं, दुसरं लोंबू द्यायचं. मग स्टेअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. नंतर बाजू बदलून परत तेच. दांडी जिथे पाट्याजवळून जाते तिथे मळलेल्या कणकेचा गोळा चिकटवायचा. फिरवून झालं की गोळा किती दबला ते मोजायचं. "सगळ्यात वाईट टायमाला अर्धा इंच ऱ्हायला पायजे सर. चांगल्या टायमाला दोन इंच हाय म्हणून कौतिक न्हाई." हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. कणीक आमच्या घरूनच गेली होती. सौ.ने कशाला हवी म्हणून विचारलं नाही, तिला आता सवय झालीय.

पुढे कायद्याचा भाग. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशीलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. केरळमधून आलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. नियमात न बसणाऱ्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. नातू म्हणाला, "आबा, इथं कोण बघतंय? रस्त्यावर शंभर गाड्या आहेत असल्या." खरं आहे, आहेत. पण विमा कंपनी बघते, तीही नेमकी अपघात झाल्यावर.

त्याचा दुसरा मुद्दा मात्र विचार करण्यासारखा होता. "लष्कराच्या गाड्या उंच असतातच की. मग उंच गाडी धोक्याची कशी?" मी म्हटलं, बाबा, उंच गाडी धोक्याची असं मी म्हणतच नाही. त्या गाड्यांची उंची, बॉक्सची जागा, दांडीची लांबी, चाक किती वळावं, हे सगळं एकाच कागदावर एकाच वेळी ठरवलेलं असतं. तू त्या कागदावरचा एकच आकडा खोडून नवा लिहिलास आणि बाकीचे तसेच ठेवलेस. निबंधातला एक शब्द बदलला की क्रियापद बदलावं लागतं, हे मी तुला चौथीत शिकवलंय.

आणि इथे मला आपल्या कोल्हापूरबद्दल थोडं बोलायचंय. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींतून आणि उद्यमनगरच्या लेथवरून जे काम बाहेर पडतं त्याचा मला अभिमान आहे. आपल्याकडे हाताला कसब आहे, म्हणूनच "जमतंय की" हा शब्द तोंडात लगेच येतो. पण "जमतंय" आणि "चालतंय" यांत फरक आहे. जमतंय म्हणणाऱ्याने मापं घेतलेली असतात. चालतंय म्हणणाऱ्याने फक्त आज काही झालं नाही एवढंच बघितलेलं असतं. ऊस हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडून, रिफ्लेक्टर नसलेले ट्रॅक्टर रात्री रस्त्याने जातात तेव्हाही आपण चालतंयच म्हणतो. अपघात झाला की दोन दिवस हळहळतो. ज्याने धोका पत्करला त्यालाच तो भोगावा लागला असता तर मी काही बोललो नसतो. पण समोरून येणाऱ्या दूधवाल्याला कोणी विचारलं होतं?

शेवट काय झाला ते सांगतो. माझा विद्यार्थी दुसऱ्या मार्गाने काम करून द्यायला तयार होता. काम उत्तम झालं असतं याबद्दल मला शंका नाही. पण खर्च जीपच्या किमतीच्या निम्म्याच्या घरात जात होता, आणि एवढं करूनही गाडी कायद्यात बसली नसती. मी नातवाला म्हटलं, पाटे परत खाली घे, नाहीतर माझे अर्धे पैसे परत दे. जरा कडक झालं, कबूल आहे. चार दिवस तो बोलला नाही. मग पाटे मूळच्या जागी आले, ड्रिल केलेले आर्म बदलले, सरळ नवी टाय रॉड बसली, मोठे टायर विकले. विद्यार्थ्याने मजुरी घेतली नाही, म्हणून मी त्याला शाल दिली. शाळेतून निवृत्त झालो तेव्हा मिळालेल्यांपैकी एक होती, पण हे त्याला सांगू नका.

वाकवलेली दांडी मी भंगारात जाऊ दिली नाही. ती आमच्या पडवीत भिंतीला टेकवून ठेवलीय. नातवाचे मित्र येतात, बघतात, हसतात. त्यातल्या एकाने परवा हळूच विचारलं, "आबा, माझ्या गाडीची दांडी बी जरा वाकीवलीय. बघाय पायजे काय?" मी त्याला पत्ता दिला, आणि जाताना घरातून कणकेचा गोळा घेऊन जा म्हणून सांगितलं.

तुमच्यापैकी कोणी गाडी उचलली असेल, किंवा तुमचा मुलगा-पुतण्या त्या विचारात असेल, तर तुमचा अनुभव जरूर लिहा. माझं मत कुणाला जुनाट वाटलं तर तेही लिहा. मास्तराला उलट उत्तरांची सवय असते.

असो. बाकी सर्व क्षेम.